बॉल तुमचा, ठिगळ आमचं

लाल्या, काल आम्ही तुम्हाला हरवलं. दोन-शून्य. तुझी तेरवी होऊन जेमतेम तिसरा दिवस, तरी हरवलं, आणि चांगलं मैदानभर पळवून हरवलं.

आधी फाट्यावर यावरून मोठी चर्चा झाली होती बरं. चहाच्या हॉटेलात आमची सगळी जाणती मंडळी बसली आणि एकजण म्हणाला, "औंदा जरा ढिलं खेळा रे. लालसिंगभाऊ गेले. त्यायच्या टीमला एवढं तरी समाधान द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. डोळे ओले करून हलवल्या, हे विशेष. मला काही राहवलं नाही. मी म्हणालो, "मुद्दाम हरसाल तर तो राखेतून उठून येईल अन् आधी माझ्या दुकानाला लाथ घालील. ज्या माणसानं जिंदगीत आपल्याकडून एक थ्रो फुकट घेतला न्हाई, त्याला मेल्यावर भीक घालता का?"  आमची पोरं जीव तोडून खेळली, तुमचीही खेळली. यापेक्षा मोठा मान मला तुला देता आला नसता.

तेरवीला तुझ्या धाकट्या सुनेनं माझी पंचाईत केली. ती नवीन, पुसदकडची. ताट वाढता वाढता म्हणाली, "काका, तुमी मामंजीचे दोस्त का?" मी म्हणालो, "न्हाई माय, दुश्मन." बिचारीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तिला सगळं सांगत बसलो. डोंगरकड्याची टीम उगवता तारा, वारंगा फाट्याची टीम फाटा इलेव्हन. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं की दोन गावांच्या मधल्या पडीक रानात दोघांची मॅच. तिला म्हटलं, तुझा सासरा तांड्यावरून डोंगरकड्याच्या बाजूनं ओरडायला यायचा, मी फाट्याच्या बाजूनं. आम्ही दोघंही कधी धड खेळलो नाही. त्याचा गुडघा अधू आणि माझं पोट मोठं. पण ओरडण्यात आमचा हात धरणारा कळमनुरी तालुक्यात कोणी नव्हता. तो छाती फुगवून म्हणायचा, "उगवता तारा!" की त्याच्या मागची सगळी माणसं म्हणायची, "कधी न मावळणारा!" आणि मी या बाजूनं विचारायचो, "अमावस्येला कुठं जातो रे तुमचा तारा?"

तिला बॉलचंही सांगितलं. तेव्हा ती हसली, आणि तुझी बायको आतून रडल्यासारखी हसली.

फाट्यावर ट्रकांचे पंक्चर काढणारा मी, त्यामुळं फुटलेला बॉल सुधारायचा तर माझ्याकडंच यावं लागे. तुमचा बॉल चामड्याचा, वर नाडी, आत रबरी ब्लॅडर. आमच्याकडं तर बॉलच नव्हता. म्हणून तुझ्या बापानं आणि माझ्या बापानं फार आधी ठरवून टाकलं होतं, बॉल तुमचा आणि ठिगळ आमचं. म्हणजे मॅच हरल्यावर कोणीच बॉलच्या नावानं बोंब मारायची नाही. मी ठिगळ लावायला बसलो की तू समोर उकिडवा बसायचास आणि माझ्या हातावरची नजर काढायचा नाहीस.

"शिद्ध्या, पॉलिश पेपर बराबर घास. हात आखडून राहिलास."

"तुझं वजन उचलून माझा हात आखडला."

"दुश्मनाचा हात हाय. भरोसा कोण ठेवल?"

ठिगळ वाळलं की ब्लॅडरमध्ये हवा भरून तू स्वतः ते घमेल्यातल्या पाण्यात दाबायचास. कान अगदी पाण्याला लावायचास. एकही बुडबुडा आला नाही की दोनच शब्द बोलायचास, "बराबर हाय." तेवढं ऐकायला मी वर्षभर थांबायचो, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. इतक्या ट्रकवाल्यांनी माझ्या कामाची तारीफ केली असेल, पण तुझ्या त्या दोन शब्दांची सर कशालाच आली नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर डोंगरकड्याच्या केळीवर परदेशातल्या कोण्या साहेबाची नजर पडली. कोणी म्हणे तो दुबईचा, कोणी म्हणे हॉलंडचा. त्याच्या कंपनीला गावाची केळी हवी होती आणि गावाचं मन जिंकायचं म्हणून त्यानं तुमची अख्खी टीमच घेतली. बूट देणार, कपडे देणार, शिकवायला हैदराबादेहून माणूस आणणार. फक्त टीमला कंपनीचं नाव लागणार.

आमच्या फाट्यावर तेव्हा काय काय झालं ते तुला पूर्ण कधी कळलंच नाही, आता ऐक. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. केळीच्या पायी टीम विकली म्हणून हॉटेलवाल्यानं दारात केळीचा घड टांगला आणि त्याला तुझं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी हसू जरा कमी झालं. आमचा गोलकीपर हळूच विचारत होता, बूट म्हणजे खिळेवाले का साधे? तिसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर म्हणाला, "आपल्यालाबी एखादा फॉरेनवाला बघा ना. नांदेडच्या मोंढ्याच्या बाजारात भेटत असल." आठवडा झाला तशी भीती बसली. आता हे आपल्याला धुऊन काढणार, आपण काय, अनवाणी टोळकं. आणि एकजण तर डोंगरकड्याला जाऊन कंपनीचा पिवळा बनियन घेऊन आला, शर्टाच्या आत घालत होता. आम्ही त्याला धरला तेव्हा म्हणतो, थंडी हाय म्हणून घातला.

पण खरी दिवाळी केली ती तुमच्या सत्काराने. साहेब येणार म्हणून वेशीवर कमान, हलगी, तांड्यातल्या बायांचं नाचगाणं. हार घालायचा मान तुझा. जीपमधून एक उंच, गोरापान, टोपीवाला गडी उतरला आणि तू धावत जाऊन त्याच्या गळ्यात हार घातलास, फेटा बांधलास, नारळ दिला. त्याच्या शेजारी एक बुटका, काळासावळा माणूस अर्ध्या बाहीच्या शर्टात उभा होता. त्याला तू म्हणालास, "भाऊ, जरा बाजूला व्हा, साहेबाचा फोटो यायलाय." आणि त्याच्या हातात हारांची टोपली दिलीस धरायला. त्यानं ती इमानानं धरली. तो गोरा गडी म्हणजे पुण्याचा कारकून होता. तो बोंबलत होता, "अहो मी नाही, हे साहेब!" आणि हलगीपुढं कोणाला काही ऐकू येत नव्हतं. टोपली धरणारा तो साहेब. त्याच्या देशातही केळीच पिकत होती म्हणे, मग तो आपल्याच रंगाचा नसेल तर काय! परदेशी म्हटलं की गोरा, एवढंच आपलं भूगोलाचं ज्ञान. ही बातमी फाट्यावर साहेबाच्या जीपच्या आधी पोचली. लाल्या, त्या दिवशी इथं ट्रक थांबवून लोकांना ही गोष्ट सांगितली आम्ही. नांदेडपासून अकोल्यापर्यंत तुझी कीर्ती गेली.

हसणं इथंपर्यंत ठीक होतं. पुढं माझी जीभ घसरली.

उगवता ताराची पाटी तू स्वतः रंगवली होतीस, तांबड्या रंगात, ताऱ्याला सहा टोकं निघाली होती. ती पाटी उतरली. तिथं कंपनीचं नाव आलं, एवढं लांब की नाकापेक्षा मोती जड. तुला पिवळी टोपी मिळाली आणि सल्लागार म्हणून खुर्ची. नवे चकचकीत बॉल आले. आणि तू माझ्या दुकानात येईनासा झालास, कारण कामच उरलं नाही. दिवाळीच्या आधी बसमधून उतरताना तू दिसलास. मी सगळ्या लोकांदेखत म्हणालो, "काय सल्लागार? काय भावात विकला गेलास?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू शांतपणे एवढंच म्हणालास, "शिद्ध्या, आमच्या तांड्याची लेकरं पहिल्यांदा बूट घालून खेळून राहिली. त्यायच्या पायातले काटे म्या दाभणानं काढले हायेत. तुहं काय गेलं त्याच्यात? बूट वाईट हायेत का?" मी तोंड फिरवून दुकानात शिरलो. तू चालू पडलास. त्यानंतर एक सव्वीस जानेवारी सोडून दुसरी येईपर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. मधली एक मॅचही तशीच गेली, तुम्ही चार गोल घातले आणि मी घसा दुखतो म्हणून घरी बसलो.

ती पुढची मॅच मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तू मरेपर्यंत विसरला नाहीस.

आम्ही धुऱ्यावर, आमच्या बाजूच्या बांधावर, तयारीनं बसलो होतो. केळीच्या सालींच्या माळा, पत्र्याचे डबे, खास जुळवलेल्या आरोळ्या. पलीकडं तुमच्या बाजूला कंपनीच्या खुर्च्या, मंडप, आणि साहेब स्वतः पाहुणा. मॅनेजरनं ताकीद दिली होती की आरडाओरडा नको, जुनी पाटी नको, जुनं नाव नको, फोटो परदेशात जायचेत. तुमची माणसं टाळ्या वाजवत होती, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारख्या. आम्ही डबे बडवले, साली फेकल्या, नाही नाही ते बोललो. उत्तर येईना. एका हातानं टाळी वाजत नाही, तसं एका बाजूनं भांडणही होत नाही. आमचा एक गोल झाला तरी धुऱ्यावर मजा येईना. माझ्या शेजारचा हॉटेलवाला म्हणाला, "बाबा, हे तर मयताला आल्यावानी वाटून राहिलं." मी तुझ्याकडं पाहिलं. तू खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होतास. तोंडातून काही निघू नये म्हणून माणूस जसा बसतो तसा.

मग आपल्या बाभळी मदतीला आल्या. मैदानाच्या कडेला त्या सनातन उभ्या. हाफटाइमच्या आत कंपनीचे दोन्ही बॉल एकामागून एक बाभळीत गेले आणि फुस्स झाले. त्या बॉलला नाडी नव्हती, ब्लॅडर काढून ठिगळ लावायला वाट नव्हती. तिसरा आणायचा तर जीप नांदेडला जाणार. पंच म्हणून शिरड शहापूरचे पीटीचे सर यायचे, ते घड्याळ बघत म्हणाले, "बॉल नसेल तर मॅच इथंच संपली. फाटा एक-शून्य." आमच्या बाजूला कोणीतरी उड्या मारायला लागलं. मला मात्र काहीच वाटलं नाही. अशी जिंकून घरी काय न्यायची?

तेव्हा तू उठलास. टोपी काढून खुर्चीवर ठेवलीस. खुर्चीखालून पोतं ओढलंस आणि त्यातून तो जुना बॉल काढलास, चपटा, वाळलेला. सव्वा वर्ष तू तो जपून ठेवला होतास आणि त्या दिवशी सोबत आणला होतास. काहून, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. अधू गुडघ्यानं लंगडत तू अख्खं मैदान ओलांडून दुश्मनाच्या धुऱ्याकडं यायला लागलास. डबे थांबले. तू माझ्यासमोर येऊन उकिडवा बसलास.

"शिद्ध्या, ठिगळ लाव."

सामान माझ्या लुनाला अडकवलेल्या पिशवीत होतंच. भजेवाल्यानं घमेलं दिलं, कोणी पिण्याची घागर त्यात रिकामी केली. मी नाडी सोडली, ब्लॅडर काढलं. रबर चिकटलं होतं, ते हळूहळू सोडवलं. तू म्हणालास, "पेपर बराबर घास." मी म्हणालो, "गप बस." सव्वा वर्षाचं सगळं भांडण तेवढ्यात मिटलं, बघ. दोन्ही गावांची माणसं श्वास रोखून एक पंक्चर निघताना पाहत होती. असले प्रेक्षक कोणत्या कारागिराला मिळाले असतील! सोल्युशन वाळलं, ठिगळ बसलं. तू ब्लॅडर पाण्यात दाबलंस, कान लावलास. थोडा जास्तच वेळ लावलास, मला छळायला.

"बराबर हाय."

तू बॉल घेऊन वळलास. तुझी पाठ पाहिली आणि मला काय झालं ठाऊक नाही. मी उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा घसा लावून ओरडलो, "उगवता तारा!"

 मी पुन्हा ओरडलो. या वेळी हॉटेलवालाही ओरडला, मग सगळा धुरा. आमची माणसं, साली फेकणारी, डबे बडवणारी, फाटा इलेव्हनची हाडाची माणसं तुमचं नाव घेत होती, ज्याला तुमच्याच मंडपात बंदी होती. तू मैदानाच्या मध्यावर थांबलास. मागं पाहिलंस. मग तुझ्या तोंडून ते निघालं, "कधी न मावळणारा!" आणि तुमच्या सगळ्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. मॅनेजर खाली बसा, खाली बसा करत राहिला, त्याला कोण विचारतो? हलगी कुठून निघाली देव जाणे. त्या हाफमध्ये तुमच्या पोरांनी दोन गोल घातले आणि आम्ही हरलो, दोन-एक. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर असा! महिनाभर फाट्यावर मला सगळे शिव्या देत होते आणि चहा पाजत होते.

साहेबानं म्हणे मॅनेजरला विचारलं, हे दोन्हीकडचे लोक एकच नाव काहून ओरडले? आमच्याकडं दुश्मन असं करत नाहीत. आठ दिवसांत पाटीवर कंपनीच्या नावाच्या वर, दुप्पट मोठ्या अक्षरात, उगवता तारा आलं. सहा टोकांसह. पुढं काही वर्षांनी केळीवर रोग पडला, कंपनी गेली, तिचं नाव उन्हात उडालं. तुझा तारा राहिला. आपण जिंकलो, लाल्या. दोन्ही टीम मिळून जिंकलो. असं फुटबॉलमध्ये होत नाही, पण आपल्याकडं झालं.

त्यानंतर दर जानेवारीत तू बॉल घेऊन यायचास आणि ठिगळ वाळेपर्यंत तोच प्रश्न काढायचास. "बोल शिद्ध्या, बूट वाईट व्हते का?" आणि मी म्हणायचो, "आधी पाणी बघ." शेवटचं तू दिवाळीनंतर आलास, बॉल न घेता, नुसताच. जाताना पुन्हा विचारलंस. मी पुन्हा टाळलं. मला वाटलं, जानेवारी आहेच. आणि मग सकाळी सकाळी तुझ्या थोरल्याचा मोबाईलवर फोन आला, बाबाच्या छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलोच न्हाई काका.

तर आता ऐक. बूट वाईट नव्हते. पहिल्या दिवशीपासून मला ठाऊक होतं. आमची पोरंही अनवाणीच होती, त्यांच्या पायातले काटे मीही काढले होते, दुकानातल्या पकडीनं. तुमच्या लेकरांच्या पायात बूट पाहिले आणि माझा जळफळाट झाला, एवढंच होतं ते. कोल्ह्याला केळी आंबट. तू विकला गेला नव्हतास. तू तुझ्या तांड्याच्या पोरांसाठी टोपी घालून गप्प बसलास, आणि तुझ्यासारख्या बडबड्याला गप्प बसायला काय पडलं असेल ते मला तेव्हा कळायला हवं होतं. हे मी तुझ्या तोंडावर बोललो नाही, ही माझी हार. बाकीच्या सगळ्या मॅचचा हिशेब मी विसरून जाईन, ही विसरणार नाही.

काल सकाळी थोरला बॉल घेऊन आला. सरणावर ठेवायचा म्हणत होता तेव्हा मीच अडवलं होतं, म्हटलं, येडा का काय, सव्वीस जानेवारी तोंडावर आली. त्याला पोरं गोळा करायची होती, तो बॉल टेकवून गेला. मी दुकान उघडून बसलो. नाडी सोडली, ब्लॅडर काढलं. नव्या ठिगळाला जागा उरली नव्हती, जुनी एकावर एक चढली होती, सगळी माझ्या हातची आणि सगळी तुझ्या नजरेखालची. हवा कुठून जाते हे शोधायलाच वेळ गेला. पेपर घासला. नेहमीपेक्षा जास्त घासला. सोल्युशन लावून बसून राहिलो. समोरून ट्रक जात होते.

काल आमचीच टीम जिंकायला पाहिजे होती. तुझी पोरं आधीच मोडून पडली होती. मनात आलं, थोडं कच्चं लावलं तर? आपला एक गोल झाला की बॉल बसायचा अन् मॅच तिथंच आपली. कोणाला कळणार? लाल्या, एवढी वर्षं तू समोर बसून ज्याची धास्ती घेत होतास, तो विचार काल पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला आणि मला एवढं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

हवा भरली. ब्लॅडर घमेल्यात दाबलं आणि तुझ्यासारखा कान पाण्याला लावला. बराच वेळ लावला. एक बुडबुडा आला नाही. मग समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहून मीच मोठ्यानं म्हणालो, "बराबर हाय."